भिंगरीच्या झग्याला मी घातलेला बखिया

माझ्या एकुलत्या एका धाकट्या बहिणीला मोठीचे पोटभर आशीर्वाद, आणि तुझ्या यजमानांना नमस्कार.

पत्राला उशीर झाला म्हणून रुसली असशील तर आधी रुसून घे आणि मग वाच, कारण मधेच रुसायला या पत्रात जागा नाही. तुझा खोकला कसा आहे? छातीत अजून घरघर होते का? वाफ घेतेस की नुसती घेते म्हणतेस? तुझ्या यजमानांचं पोट आत गेलं का? (त्यांना वाचून दाखवताना हे गाळ.) इकडे सगळे बरे आहेत. आमचे हे बरे आहेत, म्हणजे घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी घरातली चांगली चालणारी घड्याळं उघडून बसतात, आणि मग प्रत्येक खोलीत वेगळी वेळ असते. चिरंजीव लोकांचे दात उपटतात. सूनबाई त्याला वेळेवर जेवायला बोलावते आणि तो येत नाही. आणि मी बरी आहे. मी इतकी बरी आहे धाकटे, की माझा मलाच धक्का बसलाय आणि तो अजून उतरत नाही. तू आता खाली बस. गॅसवर दूध असेल तर बंद करून ये.

तुझी बहीण नाटकात काम करते.

खोटं नाही. रोज संध्याकाळी, दिव्यांच्या झोतात, तोंडाला रंग लावून. आणि लोक टाळ्या वाजवतात. पाणी पी आणि पुढे वाच.

हे सगळं भिंगरीमुळे झालं. भिंगरी म्हणजे चिरंजीवांची लेक, जी तुझ्या सोफ्यावर उड्या मारून त्याची स्प्रिंग तोडून गेली होती, तीच. आता मोठी झाली, पण पाय अजून जमिनीला टेकत नाहीत. गाण्यांची जुनी नाटकं करणारी एक कंपनी आहे, तिच्यात ती इतके दिवस मागच्या रांगेत होती. मागची रांग म्हणजे काय तर कधी गर्दी, कधी झाड, कधी वारा. (वारा झाली होती तेव्हा मी घरी तालीम पाहिली. हात हलवायचे आणि तोंडाने सूं करायचं. चिरंजीव म्हणाला, एवढ्यासाठी शिकवलं का तुला? ती म्हणाली, बाबा, मुख्य वारा मीच आहे.) तर अशात कंपनीच्या नायिकेचा घसा बसला, डॉक्टरांनी तिला बोलूच नका सांगितलं, आणि कंपनीच्या मालकीणबाईंनी भिंगरीला बोलावून म्हटलं, तुझी सगळी गाणी पाठ आहेत, महिनाभर तू कर, मग बघते ठेवायची की बाहेरून दुसरी आणायची. झालं! पोरीचं जेवणखाण सुटलं. वर आमच्या चिरंजीवाने अट घातली, की महिन्याने मालकीणबाई हो म्हणाल्या तर तुझं तू बघ, नाही म्हणाल्या तर मुकाट्याने माझ्या दवाखान्यात येऊन काउंटरवर बसायचं आणि लोकांना 'आत या, थुंका इथे' म्हणायचं. म्हणजे तू समज, पोरीचा सगळा जीव त्या एका महिन्यावर टांगलेला.

मी गाण्याचं नाटक जन्मात पाहिलं नव्हतं. भिंगरीला भीती, की आजी पहिल्या रांगेत बसणार आणि कुणी गायला लागलं की मोठ्याने विचारणार, 'ह्याला काय झालं?' म्हणून तिने मला आधी तयार करायचं ठरवलं. रोज दुपारी जेवणं झाली की टीव्हीवर एक जुना गाण्यांचा सिनेमा लावायची आणि माझ्या शेजारी बसून समजावायची. धाकटे, मला जे धक्के बसले ते मी तुला काय सांगू! पहिल्याच सिनेमात घराला आग लागलेली, वरच्या मजल्यावर बाई अडकलेली, आणि बंबवाले शिडीच्या एकेका पायरीवर उभे राहून गातायत. बरं, ती बाई तरी ओरडेल? नाही. तीही खिडकीतून गाऊन उत्तर देतेय, तेही केस सारखे करून. मी उठून उभी राहिले. म्हटलं, अरे मेल्यांनो, आधी पाणी मारा! भिंगरी म्हणते, आजी, त्यांना भीती वाटतेय म्हणून गातायत. मी म्हटलं, मला भीती वाटली की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, ह्यांच्या तोंडातून वाजंत्र्यांसकट कसा काय निघतो? ती म्हणाली, म्हणूनच गं, बोलून जे निघत नाही ते गाऊन निघतं, एवढंच लक्षात ठेव. मी लक्षात ठेवलं, पण पाणी आधी मारायला हवं होतं हे माझं मत आजही कायम आहे.

दुसरा मोठ्या दुकानातला. टोप्या, हातमोजे, छत्र्या असं सगळं असतं ना एका छपराखाली, तसलं दुकान. मालक बाहेर गेला रे गेला की सगळे विक्रेते काउंटरवर चढून नाचतात, टोप्या हवेत उडवतात, छत्र्या उघडतात. (घरात छत्री उघडली तर आपली आई काय करायची आठवतंय?) मला त्यातलं प्रेमबीम काही दिसेना, मला एकच काळजी, की हे सगळं परत घडी करून कोण ठेवणार? शेवटी मालक येतो तर तोसुद्धा नाचतो! मी आ वासून बघत राहिले. आमचे हे शेजारी डुलकी काढत होते, ते एक डोळा उघडून म्हणाले, 'असल्या मालकाकडे मला नोकरी का नाही मिळाली?' तो सिनेमा तू बघ, पण हातात शेंगा सोलायला घेऊन बघ, म्हणजे नुसतं बसून जीव कासावीस होणार नाही.

पुलाचा सिनेमा मात्र अगदी काम बाजूला ठेवून बघ. नदीच्या या काठाला पूल बांधणाऱ्यांची एक टोळी, त्या काठाला दुसरी. इकडे एक मुलगी कामगारांना जेवण वाढते, तिकडे एक मुलगा दगड फोडतो. ऐकू जाईल इतकं जवळ कुणीच नाही, पण ती गाते ते पाण्यावरून त्याला पोचतं आणि तो घणाच्या ठेक्यात उत्तर देतो. पूल जसजसा पुढे येतो तसतसा आवाज हळू होत जातो, आणि शेवटचा दगड बसतो तेव्हा दोघं समोरासमोर उभी, आणि बोलायला काही नाही! नुसती बघतात. मला रडू आवरेना, आणि धक्का असा की आमचे हेही नाक पुसत होते. विचारलं तर म्हणाले, 'सर्दी झालीय.' पंखाच बंद होता.

तर अशी मी तयार झाले. मग उजाडला भिंगरीचा पहिला प्रयोग. नाटक असं, की अत्तराच्या कारखान्यात बाटल्या धुणारी एक मुलगी असते. तिला कुणी विचारत नाही, पण तिच्यासारखं नाक दुसऱ्या कुणाला नसतं. शेवटी मोठी मेजवानी भरते, नवं अत्तर आणतात, मोठमोठे जाणकार वास घेऊन गप्प, आणि ही बाटलीवाली पोर पुढे होते, डोळे मिटून वास घेते आणि तिला काय काय दिसलं ते गाते. तेच गाणं नाटकाचा जीव. भिंगरी म्हणाली होती, 'आजी, त्या गाण्यात एक गंमत आहे, पण ती सांगणार नाही. तुझं तोंड बघायचंय मला.' आता बघ, तिने तेवढं सांगितलं असतं तर हे पत्र अर्ध्या पानात संपलं असतं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती मला कपडेपटात घेऊन गेली. कपडेपट म्हणजे नाटकाच्या कपड्यांची खोली. धाकटे, तुला तिथे सोडलं असतं तर तू परत आली नसतीस! राजे, शिपाई, नर्सा, सगळे एका दांडीला टांगलेले, आणि कुणाच्याच आत माणूस नाही. भिंगरीने एक करडा, मळक्या रंगाचा झगा माझ्या हातात दिला. म्हणाली, 'आधीची नायिका अंगाने भरलेली होती, मला कमरेत सैल होतो, जरा आत घे,' आणि तालमीला पळाली. मी झगा उलटा केला आणि बघते तर काय! दोन्ही बाजूंनी, काखेपासून थेट घोट्यापर्यंत, शिवणच नाही! नुसती टिचबटणं! एक जरा जोरात ओढलं तर तटातटा सगळी सुटत गेली. मी जन्मभर लोकांचे कपडे शिवले, लग्नाचे शिवले, शाळेचे शिवले, पण इतका कामचुकार शिंपी पाहिला नाही. म्हटलं, अगं बाई, चारचौघांत पोरगी हात वर करील आणि झगा पायात येईल! मग मी काय केलं असेल? पिशवीतून सुई काढली, दुहेरी दोरा ओवला, मेण लावलं, आणि दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत असा बखिया घातला, असा घातला, की बैल जुंपले तरी उसवणार नाही. कंबरही आत घेतली. मग मी झगा हातात धरून स्वतःशीच हसले. (हसण्यासारखंच काम होतं ते. तू बघितलं असतंस तर जळली असतीस.)

प्रयोगाआधी मीच तो तिला डोक्यावरून घातला, लहानपणी घालायचे तसा, 'हात वर, डोकं खाली' म्हणत. आत तिने लाल रेशमी, चमचमता झगा घातलेला होता. मी म्हटलं, रंगमंचावर थंडी वाजत असेल. तिचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते, गाणं घोळवत होती, तिला कुठलं भान! जाता जाता तिने माझ्या गालाचा मुका घेतला. मी पहिल्या रांगेत जाऊन ह्यांच्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर, आणि मनात म्हटलं, आता वादळ आलं तरी चिंता नाही.

नाटक सुरू झालं आणि मला कळलं की सिनेमा वेगळा आणि हे वेगळं. सिनेमात कुणाला दम लागत नाही. इथे पाय आपटले की फळ्यांतली धूळ आपल्या नाकात येते, गाणाऱ्याच्या गळ्याची शीर दिसते, नायकाच्या डिंकाने चिकटवलेल्या मिशीची एक बाजू घामाने सुटायला लागते आणि तो बोटाने दाबत दाबत प्रेम करतो. आणि भिंगरी! अगं, ती आमची भिंगरी नव्हतीच. ती बाटल्या धूत होती आणि मला तिचे हात ओले दिसत होते, पाण्याचा थेंब नसताना. मी ह्यांना कोपर मारलं तर हे झोपलेले.

मग आली मेजवानी. भिंगरीने बाटली उघडली, डोळे मिटले आणि गायला लागली. आवाज चढत चढत गेला, दोन्ही बाजूंनी दोन दोन नाचे आले, त्यांनी झग्याच्या फिती धरल्या, आणि आवाज सगळ्यात वर जायच्या क्षणाला त्यांनी खसकन ओढलं.

झगा हलला नाही. भिंगरी हलली. उजवीकडचे जास्त दांडगे होते, त्यांच्याबरोबर ती सरकत उजवीकडे गेली. मग डावीकडच्यांनी जोर केला, ती डावीकडे आली. दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखी पोरगी मधे ताणलेली! वाजवणाऱ्यांचा मुख्य, तो काठी हलवणारा, त्याने डोळे वटारले आणि तोच तुकडा पुन्हा वाजवायला लावला, मग पुन्हा, मग पुन्हा. हे तेवढ्यात जागे झाले आणि म्हणाले, 'काटा अडकलाय गं.' आणि धाकटे, तेव्हा मला कळलं. ती टिचबटणं कामचुकार शिंप्याची नव्हती. ती मुद्दाम होती. करडा झगा एका झटक्यात उडायचा होता आणि आतून लाल झगा निघायचा होता, तीच ती गंमत, आणि तिच्यावर मी दुहेरी दोऱ्याचा, मेण लावलेला, बैल न उसवणारा बखिया घालून ठेवला होता. समोर पोरीचा महिना, तिचा जीव, सगळं माझ्या टाक्यांत अडकलेलं.

पुढचं मी केलं असं लोक म्हणतात. मला एवढंच आठवतं की माझ्या हातात दोरा कापायची कात्री होती आणि मी बाजूच्या पायऱ्या चढत होते. वर एवढा उजेड आणि एवढी उष्णता, जणू चुलीत डोकं घातलंय. सगळे नाचे दगड झालेले. तो मिशीवाला नायक मात्र तयारीचा निघाला. या लोकांचं असं आहे, की गप्प राहणं त्यांना ठाऊकच नाही. वाजवणारे फिरून फिरून तेच वाजवत होते, त्याच चालीवर तो माझ्याकडे हात करून गायला लागला, 'ही कोण आली, ही कोण आली?' मी म्हटलं, 'तिची आजी! आणि तू बाजूला हो बाबा, उजेड अडवतोस.' झालं, सगळं थिएटर हसलं. भिंगरी ओठ न हलवता म्हणाली, 'आजी, काय करतेस?' मी म्हटलं, 'उसवतेय. हलू नको, कात्री लागेल.' तर ती मागची रांग, तीच ती झाडं आणि वारे, एका सुरात गायला लागली, 'हलू नको, हलू नको, आजी उसवते, हलू नको!' मला हसावं की रडावं कळेना. आणि बखिया माझाच! एक टाका कापला की पुढचा आणखी घट्ट. चिडले मी स्वतःवर, पण खरं सांगू? मनात कुठेतरी वाटलंच, काय शिवलंय!

शेवटी दोन्ही बाजू सुटल्या, झगा गळून पडला, आणि लाल झग्यात भिंगरी अशी उभी राहिली की डोळे दिपले. मी करडा झगा उचलला, सवयीने झटकून त्याची घडी केली, हातावर टाकली, आणि म्हटलं, 'हं, गा आता,' आणि पायऱ्या उतरले. टाळ्या आणि हसणं असं उसळलं की छप्पर उडेल. मागे वळून पाहिलं तर भिंगरी गात होती. तिचं तोंड उघडं दिसत होतं. ऐकू काही येत नव्हतं.

पडदा पडल्यावर मालकीणबाईंनी मला आत बोलावलं. या बाई कशा, तर केसांत पेन्सिल खोचलेली, चष्मा साखळीला लटकलेला, आणि चेहरा असा की समोरचा माणूस आपोआप खरं बोलतो. मी आत गेल्या गेल्या सुरुवात केली, पोरीचा काही दोष नाही, मला काय ती शिक्षा करा, पण तिला काढू नका. त्यांनी पेन्सिल काढून माझ्याकडे रोखली आणि म्हणाल्या, 'आजी, उद्या येताना हीच कात्री आणा.' मी मटकन खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

तेव्हापासून रोज हा प्रकार. झग्याला रोज माझ्याच हाताने बखिया घालायचा आणि रोज माझ्याच हाताने उसवायचा, याला काही अर्थ आहे का? पण लोकांना तेच हवं. आता तर मी नुसती उसवत नाही. नायकाच्या कोटाचं लोंबतं बटण बघते आणि मान हलवते, हशा. चष्मा पुसते, हशा. परवा नुसती शिंकले तरी हशा, आणि ती शिंक खरी होती! जाहिरातीच्या कागदावर सगळ्यात खाली बारीक अक्षरांत आलंय, 'आणि कात्रीवाली आजी'. भाजीवाली मला जास्तीचे दोन टोमॅटो घालते. चिरंजीवाला तर धक्क्यावर धक्के. म्हणाला, 'आई, माझ्या खुर्चीत माणसं आ करून बसतात, माझे दोन्ही हात त्यांच्या तोंडात, आणि तशातच विचारतात, त्या कात्रीवाल्या तुमच्याच मातोश्री का?' मी म्हटलं, मग काय सांगतोस? म्हणाला, 'चूळ भरा म्हणतो.'

भिंगरी काही बोलत नाही. रोज स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाला रंग लावते, केस विंचरते, 'हलू नको' म्हणते आणि हसते. गुणाची पोर आहे. उसवताना माझा कान तिच्या बरगड्यांपाशी असतो ना, तेव्हा ती तो वरचा सूर लावायला श्वास घेते तो मला कळतो. बरगड्या फुगतात आणि माझ्या बोटांखाली दोरा ताणला जातो. मग सूर निघतो, आणि तो मला तेवढा ऐकू येतो. काय सूर आहे गं! बाकीचे हसत असतात.

तर असं आहे. माझ्या या वयात हे सगळं, मलाच खरं वाटत नाही. तू खोकलाबिकला गुंडाळून ठेव आणि ताबडतोब निघून ये. तुला पहिल्या रांगेत बसवते. यजमानांनाही आण. पण त्यांना सांग, पोट धरून हसायचं आहे, तेव्हा दोन्ही हात मोकळे ठेवून या.

तुझी,
मोठी

ता. क. येऊ नकोस. घरीच थांब आणि फोनजवळ बस. वर जे लिहिलंय ते काल दुपारपर्यंतचं आहे, आणि खरं काम आता सांगते. कंपनीच्या मालकीणबाईंचा तुला फोन येईल. त्या विचारतील, आजी तिकडे आल्या आहेत का. तू म्हणायचं, हो, ताई आली आहे, गुडघे धरलेत, पलंगावर पाय उशीवर ठेवून पडली आहे, जिना चढणं कायमचं बंद. बोलायला द्या म्हणाल्या तर म्हणायचं, आत्ताच डोळा लागलाय. एवढंच. जास्त काही नको. तू खोटं बोलताना फार नक्षी काढतेस, दोन वाक्यांत मला शस्त्रक्रियेला नेशील.

आणखी एक ता. क. माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. तू घाबरशील म्हणून लिहिते. झालं असं, की काल प्रयोगानंतर मालकीणबाईंनी मला आत बोलावलं आणि खूश होऊन म्हणाल्या, 'आजी, लोक तुमच्यासाठी येतात. नायिका कोण आहे याने आता काही बिघडत नाही. पुढच्या आठवड्यात मी बाहेरची मोठ्या नावाची एक आणतेय. तुम्ही मात्र कुठे जाऊ नका.' धाकटे, आजवरचे सगळे धक्के एका बाजूला आणि हा एका बाजूला. मला वाटलं कुणी माझ्याच अंगावरचं कापड खसकन ओढलं. मी तिथल्या तिथे गुडघा धरला आणि खाली बसले. 'आई गं' म्हणाले. बाई घाबरल्या, मी म्हटलं, आता मी थेट बहिणीकडेच जाते, तिथे एक चांगला वैद्य आहे. (तिथे वैद्य आहे ना एखादा? नसला तर आहे म्हण.) भिंगरीला यातलं खरं काही ठाऊक नाही. (तिला म्हटलंय, कुणी विचारलं तर आजी बहिणीकडे गेली एवढंच सांग, नाहीतर बाई मला उचलून नेतील.) तिला खरंच वाटलं, रडली बिचारी, आणि सकाळपासून माझ्या गुडघ्यांना मलम चोळतेय, आणि मला मधून मधून कण्हावं लागतंय. आज दुपारी तिची पाठ वळल्यावर मी घरी आणलेल्या झग्यातले बखियाचे उरलेसुरले दोरे काढले आणि सगळी टिचबटणं पुन्हा लावली, जुनी झिजलेली काढून नवी, आणि तीही जरा सैलच. आयुष्यात पहिल्यांदा मी मुद्दाम कच्चं शिवलं. हात ऐकेनात. दोनदा पक्कं झालं, दोनदा काढलं.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं नव्हतं ते बरं झालं. आज संध्याकाळी मी ह्यांचा काळा चष्मा लावून, डोक्याला रुमाल गुंडाळून, ह्यांच्याबरोबर मागच्या रांगेत जाऊन बसले. झगा एका झटक्यात गेला. कुणी हसलं नाही. सगळं थिएटर चिडीचूप, आणि त्या शांततेत भिंगरीने तो सूर लावला आणि सोडलाच नाही. मला वाटलं आता हिचा श्वास संपेल, आता संपेल, माझ्याच बरगड्या दुखायला लागल्या. हे जागे होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत जागे, आणि परत सर्दी. मालकीणबाई बाजूच्या वाटेत उभ्या होत्या, हातात पेन्सिल, लिहायचं विसरून. मग आत जाऊन त्यांनी भिंगरीला सांगितलं म्हणे, बाहेरचीला नको म्हणून कळवते, हे काम तुझं. चिरंजीवाने काउंटरसाठी दुसरी मुलगी बघायला घेतली आहे. फोन आला तर तू मात्र तेच सांग, गुडघे वाईटच आहेत, आणखी वाईट झालेत म्हण.

टाळ्या थांबेनात, तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या बाईने डोळे पुसत मला विचारलं, 'इथे मधे एक कात्रीवाली म्हातारी यायची ना हो? ती आज का नव्हती?'

मी म्हटलं, 'ती होय? पाहिलीय मी. काही खास नव्हती.'